लोअर आर्मचे बुश नवीन टाकले तरी परत फाटले, असं का?

खडखडाट: मंडळी, पुढचे लोअर आर्म (चाक धरून ठेवणारा खालचा दांडा) आणि त्याचे बुश (जोडातले रबरी तुकडे), त्यातले बुश बदलून वर्ष पण नाही झालं आणि परत तोच आवाज सुरू. ब्रेक दाबला की पुढून खट्, रिव्हर्समध्ये थांबलं की परत खट्. खड्ड्यात एवढा नाही येत. टायर पण आतल्या बाजूने खायला लागलेत. मेकॅनिक म्हणतो पार्ट डुप्लिकेट निघाला असेल, पण बुश ओरिजिनल होते, मीच आणून दिलेले. आता म्हणतो पूर्ण आर्मच बदला. खरंच गरज आहे का?

पाना१२: पार्टला शिव्या देण्याआधी एक विचारा, बोल्ट टाईट केले तेव्हा गाडी लिफ्टवर होती का? बहुतेक होतीच. बघा, बुशमध्ये बाहेरची रिंग आर्ममध्ये प्रेस केलेली असते, आतली नळी बोल्टने सबफ्रेमला (गाडीखालच्या लोखंडी चौकटीला) घट्ट आवळलेली, आणि मधलं रबर दोन्हीला चिकटलेलं. म्हणजे आत काहीच फिरत नाही, आर्म वर-खाली होतो तेव्हा रबरच पिळलं जातं. चाक लटकत असताना बोल्ट आवळला की रबराची सरळ पोझिशन ती ठरते, मग गाडी खाली उतरवली की ते कायमचं पिळलेलं, उभ्या गाडीत पण. वर त्यात खड्डे. फाटणार नाही तर काय होणार?

जुनी डिझेल: वरच्यांशी सहमत, पण आर्मचं म्हणणं सरसकट चूक नाही हां. बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) आर्मलाच रिव्हेट केलेला असेल आणि त्यालाही प्ले (ढिलेपणा) आला असेल तर पूर्ण आर्म परवडतो, प्रेसची (बुश दाबून बसवायच्या मशीनची) कटकट वाचते. नुसते बुश घालायचे तर जुना काढायच्या आधी आर्मवर खूण करा, कारण काही बुशमध्ये रबरात पोकळ्या असतात, त्यांची दिशा चुकली की नवीन बुश पण वेडंवाकडं वागतं. आणि हातोड्याने ठोकून बसवू देऊ नका, प्रेसच लावा. ग्रीस तर अजिबात नको, पेट्रोलियमवालं ग्रीस रबर फुगवतं, साबणाचं पाणी पुरतं.

खडखडाट: विचारलं आत्ता, लिफ्टवरच टाईट केले म्हणाला 😅 पण गाडी खाली असताना तिथे पाना जाणार कसा?

पाना१२: बोल्ट आधी नुसते हाताला लागतील एवढेच फिरवा. मग गाडी स्टँडवर असतानाच लोअर आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, बॉल जॉइंटजवळ, जॅक लावून आर्म हळूहळू उचला. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर गाडी जमिनीवर असताना मोजून ठेवलेलं असलं की तेवढं आलं की थांबायचं आणि टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलप्रमाणे आवळायचं. काही गाड्यांना बोल्ट दर वेळी नवीनच लागतात, तेही मॅन्युअलमध्येच बघा. फक्त एक, नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका राव.

घाटवळण: रबराऐवजी पॉलीयुरेथेनचे (कडक प्लास्टिकसारखे) बुश टाकले तर? ते म्हणे फाटतच नाहीत.

जुनी डिझेल: टिकतात, पण रस्त्याचा प्रत्येक दगड स्टेअरिंगला कळतो, आणि त्यांना लावलेलं सिलिकॉन ग्रीस सुकलं की चूं चूं सुरू. रोजच्या गाडीला रबरच बरं. @खडखडाट दोन्ही बाजूचे एकदमच करा, आणि व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) त्यानंतर, आधी नको. आधी केलंत तर आर्म उघडला की ते गेलंच.