दूध-दही सोडायचंय, पण घर पूर्ण मराठी आहे. सुरुवात कुठून करू?

रानजाई (पुणे)

नमस्कार मंडळी,
आमच्याकडे पिढ्यानपिढ्या शाकाहारच आहे, अंडंसुद्धा घरात येत नाही, त्यामुळे माझा प्रश्न फक्त दुधाचा आहे. उन्हाळ्यात साताऱ्याकडे नातेवाईकांकडे राहिले होते. त्यांची म्हैस नुकतीच व्यालेली, पिल्लू नर होतं. पान्हा फुटेपर्यंत त्याला आचळाला लावायचे आणि लगेच ओढून लांब बांधायचे, ते दोर ताणत राहायचं, बरगड्या दिसायला लागल्या होत्या त्याच्या. मी विचारलं तर म्हणाले रेड्याला पाजून काय करायचं. त्यांना नावं ठेवायची नाहीयेत मला, त्यांचं घर त्या दुधावर चालतं. पण तेव्हापासून मला दूध घशाखाली उतरत नाहीये आणि आता व्हीगन व्हायचं, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच खायचं नाही, हे पक्कं ठरवलंय.

अडचणी अशा की दिवसातून तीनदा चहा लागतो आणि दहीभाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. बी १२ आधीच कमी आलं होतं, इंजेक्शनं घ्यावी लागली. मुलगा चार वर्षांचा आहे, त्याचं काय करायचं कळत नाही. सासूबाई खूप समजूतदार आहेत पण दूध सोडलं की हाडं ठिसूळ होणार ही त्यांना खरीखुरी काळजी आहे, आणि गौरी-गणपतीच्या नैवेद्याचं काय करणार असं त्या आत्तापासून विचारतायत. एकदम सगळं बंद करावं की हळूहळू? ज्यांनी मराठी घरात राहून हे केलंय त्यांनी प्लीज सांगा, इंटरनेटवर सगळं बदाम दूध आणि अव्होकाडो चाललंय, ते आपल्या घरात चालायचं नाही.

कोरा_चहा (नाशिक)

रानजाई, आधी एक काम कर, आठवडाभर घरात जे शिजतं ते नुसतं लिहून काढ. तुझ्या लक्षात येईल की पिठलं, भाकरी, आमटी, उसळी, भरली वांगी, झुणका, ठेचा, पोहे, थालीपीठ, भडंग, कांदाभजी, मसालेभात हे सगळं आधीपासूनच व्हीगन आहे, फार तर वरून सोडलेलं तूप तेवढं काढायचं. आपल्या जेवणात दूध शिरतं ते चारच ठिकाणी, चहा, दही-ताक, तूप आणि गोडधोड. म्हणून एकदम बंद करायच्या ऐवजी एकेक दार बंद कर. सगळ्यात आधी तूप सोड कारण ते सोपं आहे, वरणभातावर शेंगदाण्याचं लाकडी घाण्याचं तेल कच्चं घालून बघ, लसूण-जिऱ्याची फोडणी देऊन तर फारच छान लागतं. मग दही, मग चहा. चहा शेवटी ठेव, कारण लोक चहापाशीच हार मानतात आणि मग बाकीचंही सोडून देतात.

चहाबद्दल. सोया दूध उकळत्या चहात ओतलं की फाटतं आणि लोक म्हणतात हे काही खरं नाही. चहा आलं-साखर घालून आधी नीट उकळून घ्यायचा, गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबायचं आणि मग दूध वेगळं कोमट करून बारीक धारेने सोडायचं, पुन्हा उकळी आणायची नाही. साखर न घातलेलं पाकीट घे, गोडाचं घेतलंस तर चहाची चव बिघडते. त्याहून मला काजूचं दूध आवडतं, मूठभर तुकडा काजू दोन तास भिजवून एकदम मऊ वाटायचे, गाळायचीही गरज नाही, चहाला दाटपणा येतो आणि सहसा फाटत नाही. शेंगदाण्याचं दूध चहात घालू नकोस, वास येतोच.

पण दह्याला मात्र शेंगदाणाच. वाटीभर कच्चे शेंगदाणे रात्री भिजत घाल, सकाळी चोळून सालं काढ (हे नीट कर, सालं राहिली की तुरट लागतं), तीन वाट्या पाणी घालून गंधासारखं वाट आणि सुती फडक्यातून पिळून घे. चोथा फेकू नकोस, भाजीत, थालीपिठात जातो. दूध मंद आचेवर सतत ढवळत उकळव, कारण ते भांड्याला फार लवकर लागतं. मग कोमट होऊ दे, करंगळी बुडवली तर सहन होईल इतकं. आता विरजण, तर हिरव्या मिरच्यांचे पाच-सहा देठ टोपीसकट धुऊन त्यात बुडवायचे आणि उबदार जागी दहा-बारा तास झाकून ठेवायचं. पहिलं दही जरा पातळ आणि कमी आंबट होतं, त्याला दही म्हणून खाऊ नको, त्यातलं दोन चमचे दुसऱ्या घाण्याला विरजण म्हणून लाव, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते घट्ट लागतं. शेंगदाण्यात पाव वाटी काजू घातले तर अजून छान. रंग बदलला किंवा कुबट वास आला तर सरळ टाकून द्यायचं. नुसतं चमच्याने खाल्लं तर शेंगदाणा कळतो, खोटं कशाला सांगू, पण दहीभाताला हिंग, कढीपत्ता, सुकी मिरची, उडीद डाळ अशी फोडणी दिली की माझ्या घरी पाहुणेसुद्धा दुसऱ्यांदा मागून घेतात. कढीही होते, फक्त बेसन थोडं कमी घालायचं आणि मंद आचेवर ठेवायची.

मेथी_दाणे (ठाणे)

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते त्यामुळे बाकी स्वयंपाकाचं वरच्या ताईंवर सोडून मी तब्येतीचंच लिहिते, आणि थोडं कडक लिहिते.

बी १२ साठी गोळी घ्यायचीच, यात चर्चा नाही. ते जिवाणू बनवतात, कुठल्याही भाजीत, डाळीत, आंबवलेल्या इडलीत भरवशाचं मिळत नाही, आणि स्पिरुलिना खा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, त्यात जे असतं ते आपल्या शरीराच्या बहुतांश उपयोगाचं नसतं. खरं तर दूध-दही रोज खाणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी शाकाहारी लोकांचं बी १२ कमीच असतं, तुमचंही तसंच झालं, म्हणजे दूध पिऊनही तो प्रश्न सुटलेला नव्हता. मोठ्या माणसाला दिवसाला लागतं साधारण २ ते २.५ मायक्रोग्रॅम, पण गोळीतलं फार थोडं शोषलं जातं म्हणून गोळ्या ५००, १०००, १५०० अशा येतात. तुमची आधी कमतरता होती, तेव्हा आत्ता एकदा रक्त तपासा, डॉक्टरांना स्पष्ट सांगा की दूध बंद करतेय, आणि डोस त्यांच्याकडूनच ठरवून घ्या. लिव्हरमधला साठा बराच काळ पुरतो म्हणून सुरुवातीला सगळं मस्त वाटतं, आणि त्या भरात लोक गोळी सोडतात. मग पायाला मुंग्या, विसराळूपणा, थकवा. नसांचं नुकसान लांबलं तर ते पूर्ण भरून येईलच असं नाही.

सासूबाईंची हाडांची काळजी रास्त आहे, ती उडवून लावू नका, त्यांना ताटात उत्तर द्या. १०० मिलीलिटर गाईच्या दुधात कॅल्शियम असतं साधारण १२० मिलिग्रॅम. १०० ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास. म्हणजे ५० ग्रॅम पिठाची एक नाचणीची भाकरी आणि दीडशे मिलीचा लहान कपभर दूध यात फारसा फरक नाही. न सोललेल्या तिळात तर १०० ग्रॅमला हजाराच्या वर आहे, रोज दोन चमचे तिळाची चटणी म्हणजे चांगली भर. शेवग्याचा पाला, राजगिरा, मेथी आठवड्यात फिरवत राहा. पालकावर मात्र कॅल्शियमसाठी विसंबू नका, त्यातल्या ऑक्झलेटमुळे ते अंगी लागत नाही. जवसाची चटणी रोज एक चमचा, ओमेगा ३ साठी. डाळ-उसळ दोन्ही जेवणात हवी, ताकाची वाटी गेली तिथे काहीतरी प्रथिनं यायला हवीत, नुसता भात वाढवून चालणार नाही. उसळीवर लिंबू पिळा, लोह शोषायला मदत होते, आणि चहा जेवणाला लागून घेऊ नका.

ड जीवनसत्त्व घेत असाल तर एक लक्षात घ्या, बाजारातलं डी ३ बहुतेक मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून काढलेलं असतं आणि कॅप्सूलचं कवच अनेकदा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं. दगडफुलासारख्या लायकेनपासूनचं डी ३ मिळतं, डी २ पण चालतं. पण पर्याय मिळेपर्यंत औषध बंद ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती.

मुलाचं वेगळं. चार वर्षांच्या मुलाचं पोट लहान असतं, त्याला कमी खाण्यात जास्त ऊर्जा लागते, आणि भाज्या-डाळींनी पोट लवकर भरतं. मुलं व्हीगन आहारावर वाढूच शकत नाहीत असं नाही, पण ते बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, बी १२ सकट, वजन-उंची मोजत करायचं काम आहे. तुम्ही स्वतः आधी वर्षभर या आहारात नीट स्थिरावा, मग त्याचा विचार करा. तोपर्यंत त्याचं दूध तोडू नका.

गोठ्यावरून (सांगली जिल्हा)

ताई, आमच्या घरात गाई-म्हशी आहेत, सकाळी साडेचारला उठून धारा काढायचं काम मी लहानपणापासून करतोय, त्यामुळे तुम्ही जे बघितलं ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. तुम्ही आमच्या लोकांना नावं ठेवली नाहीत हे वाचून बरं वाटलं. हे असं का होतं ते शहरातल्या माणसाला कळावं म्हणून लिहितो.

पूर्वी खोंड झाला की आनंद व्हायचा कारण तो नांगराला यायचा. आता घरोघरी ट्रॅक्टर. त्यात एचएफ-जर्सी या परदेशी जातींच्या संकरित खोंडाला वशिंड नाही, जुवाखाली तो चालत नाही, उन्हात धापा टाकतो. २०१५ पासून आपल्या राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हणजे खोंड विकताही येत नाही आणि सांभाळायचा तर वैरण, पेंड सगळं विकत. म्हशी-रेड्यांना ती बंदी लागू नाही, रेडा जगलाच तर त्याची वाट तुम्हाला माहितीच आहे. आणि दुधाचा दर आम्ही ठरवत नाही, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लावून डेअरी ठरवते. त्या दरात नर पिल्लाच्या वाट्याचं दूध हेच आमचं त्या दिवसाचं पेट्रोल असतं. आता सेक्स्ड सीमेन, म्हणजे मादी पिल्लंच व्हावीत म्हणून निवडलेलं वीर्य आलंय, त्याने साधारण ९० टक्के कालवडी होतात, आम्ही तेच भरतो, पण ते महाग आहे आणि सगळ्यांना परवडत नाही.

तुम्ही दूध सोडा, मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त एक मागणं आहे. दुधाचे पैसे वाचतील ते परदेशी ओट्सच्या पाकिटात घालू नका. शेंगदाणा, तीळ, जवस, कारळं, नाचणी हे सगळं इथल्याच कोरडवाहू रानात पिकतं आणि त्याला नीट गिऱ्हाईक नाही म्हणून लोक ऊस लावत सुटलेत. शेतकरी गटाकडून किंवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून थेट घ्या. माझी आई कारळ्याची चटणी करते ना, भाकरीबरोबर तेवढी असली की तिला बाकी काही लागत नाही.

रानजाई (पुणे)

सगळ्यांचे खूप खूप आभार, विशेषतः सांगलीच्या दादांचे. तुम्ही एवढं मोकळेपणाने लिहिलंत, हे मी घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. शेंगदाणे आणि तीळ तुमच्याकडच्या एखाद्या गटाकडून मागवायला नक्की आवडेल. मुलाचं मेथी_दाणे ताई म्हणाल्या तसंच करणार. आता राहिला नैवेद्य आणि बाहेरचं खाणं, त्यावर कोणी सांगेल का? सासूबाई या धाग्याची वाट बघतायत.

सोलकढी (सिंधुदुर्ग, सध्या मडगाव)

नैवेद्याची काळजी करू नका, आमच्या कोकणात आणि गोव्यात नारळाने हा प्रश्न कधीच सोडवलाय. गौरीला घावन-घाटलं करा, घाटलं म्हणजे तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाचं दूध, वेलची, थेंबभरही गाईचं दूध लागत नाही. शिरवाळे नारळाच्या गोड रसात. हळदीच्या पानातल्या पातोळ्या. गोव्यात मणगणं करतात, चणाडाळ, साबुदाणा, गूळ, नारळाचा रस आणि काजू, ते तर खिरीपेक्षा सरस आहे असं माझं ठाम मत आहे. उकडीचे मोदक आहेतच, उकड काढताना तुपाऐवजी खोबरेल तेल घाला, खाण्याचं, घाण्यावरचं, वास मुळीच खटकत नाही कारण आत सारण नारळाचंच आहे. पुरणपोळीही आमच्याकडे नारळाच्या रसाबरोबर खातात, लाटताना तेल वापरायचं.

एकच सांगते, जाड रस आणि पातळ रस वेगळा काढा. शिजवायचं ते पातळ रसात आणि जाड रस गॅस बंद करायच्या आधी घालून नुसता गरम करा, उकळला की फुटतो आणि तेल वर तरंगतं. पुण्यात ताजा नारळ खवायचा कंटाळा असेल तरी निदान सणाला डब्यातलं आणू नका, चवीत फार फरक पडतो.

पंचामृताचं मात्र मी सासूबाईंशी वाद घालणार नाही. देवाचा अभिषेक त्यांना त्यांच्या पद्धतीने करू दे, तुम्ही तुमच्या ताटात काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या सासरी आम्ही असंच ठेवलंय आणि आता नैवेद्याच्या ताटातल्या अर्ध्याहून जास्त गोष्टी आपसूक नारळाच्या झाल्यात.

कोरा_चहा (नाशिक)

बाहेरच्या खाण्याचं मी सांगते. हिरवा ठिपका म्हणजे फक्त शाकाहारी, त्यात दूध आणि मध दोन्ही असू शकतं. व्हीगनसाठी एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) वेगळं चिन्ह आहे, हिरव्या चौकोनात व्ही आणि वर पान, २०२२ च्या नियमांनी आलेलं, पण ते अजून थोड्याच पाकिटांवर दिसतं. म्हणून घटकांच्या यादीखाली ॲलर्जीची ओळ असते ती वाचायची, दूध असेल तर तिथे लिहिलेलं सापडतं. मिल्क सॉलिड्स, व्हे पावडर, केसीन ही दुधाचीच नावं. बिस्किटं, ब्रेड, मसाला चिप्स, इन्स्टंट सूप यात हे बऱ्याचदा निघतं.

हॉटेलात पंजाबी ग्रेव्हीच्या वाटेला जाऊ नकोस, तिथे लोणी, क्रीम, दही काहीतरी पडतंच आणि वेटरला नेमकं माहीत नसतं. वडापाव, मिसळ (दही नको सांगून), इडली-सांबार, तेलावरचा डोसा, पिठलं-भाकरी. डोशाला तूप किंवा बटर नको हे ऑर्डर देतानाच सांग, तव्यावर गेल्यावर सांगून उपयोग नाही. थालिपिठावर लोण्याचा गोळा येतो, तोही आधीच नको म्हणून सांग. उपासाला साबुदाण्याची खिचडी बाहेर बहुतेक ठिकाणी तुपातच करतात, त्यापेक्षा घरी शेंगदाणा तेलात कर, आणि भगरीबरोबर दाण्याची आमटी, तिला तुपाऐवजी तेल-जिऱ्याची फोडणी.

आणि दह्याचा पहिला घाणा लावलास की इथे कळव, लागलं नाही तर पाणी किती घातलं होतंस ते लिही, बहुतेक वेळा गडबड तिथेच असते.