रात्री साडेअकराला दार वाजवलं, चुकलं का?

घाटउतार
गेल्या शनिवारचा किस्सा. पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत हर्णैला गेलो. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण यात चूक हॉटेलची किती आणि आम्हा इलेक्ट्रिक गाडीवाल्यांची किती हेच मला समजून घ्यायचंय.

हॉटेलात ७.२ किलोवॉटचा एकच चार्जर आणि अंगणात चार इलेक्ट्रिक गाड्या. आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, गाडीत २२ टक्के. चार्जरला आधीच एक ४५ युनिटच्या बॅटरीची गाडी लागलेली. मॅनेजर म्हणाला, सहाला लागली आहे, अकरापर्यंत होईल. ठीक. जेवलो, पोरांना झोपवलं, पावणेअकराला खाली आलो. गाडीच्या नाकावरचा दिवा हिरवा, शंभर टक्के. गन, म्हणजे चार्जरच्या वायरचं गाडीत खोचायचं टोक, मात्र आतच, आणि लॉक. मालक किल्लीचं बटण दाबत नाही तोवर ती कुणाच्या बापाला निघत नाही.

रिसेप्शनवरून खोलीत फोन लावला, उचलला नाही. पाऊण तास वाट बघून दार वाजवलं. दार साखळीपुरतंच उघडलं. खांद्यावर टॉवेल टाकलेले गृहस्थ. म्हटलं, गाडी हलवू नका, माझी शेजारीच उभी आहे, गन पोचते, फक्त इथून बटण दाबा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्याकडे दोन हजार उसने मागतोय. "सकाळी बघू" म्हणाले आणि दार लावलं.

सकाळी साडेसातला गन मिळाली. अकराला ८० टक्के झाल्यावर निघालो. माझी बॅटरी ३८ युनिटची, २२ टक्क्यांत जेमतेम ५५-६० किलोमीटर जाते, आणि तिथून माणगाव शंभराच्या आसपास. म्हणजे पहाटे निघायचा प्रश्नच नव्हता.

माझं म्हणणं सरळ आहे : गाडी भरली की गन सोडायची, झोपायच्या आधी सोडायची. बायकोचं म्हणणं, परक्याचं दार रात्री वाजवणं हाच असभ्यपणा. बोला.

तिखट_मीठ
वहिनींना +१.

शंकासुर
मला टॉवेलवाल्याची बाजू घ्यायची आहे, कारण इथे त्याची बाजू घेणारं कुणी नसणार.

तो सहाला आला, चार्जर रिकामा होता, त्याने लावला. 'भरल्यावर काढावी' अशी पाटी होती का? तुम्हीच लिहिलंय त्यात नाही. मग नियम तुम्ही रात्री साडेअकराला केलात आणि दार वाजवून त्याला सांगितलात. तो माणूस दोन पेग घेऊन आडवा झाला असेल, पोर आत्ता कुठे झोपलं असेल. खोलीचं भाडं तो झोपेसाठी भरतो. गाड्यांची अदलाबदल करायचं काम हॉटेलचं. किल्ली रिसेप्शनला ठेवून घ्या, वॉचमनला गन बदलायला शिकवा. चार खोल्यांना चार गाड्या घेता आणि चार्जर एक, वर जाहिरातीत 'ईव्ही चार्जिंग उपलब्ध'. भांडायचं तर त्यांच्याशी भांडा.

आणि एक खोचक प्रश्न. माणगावात हायवेला फास्ट चार्जर असताना तुम्ही २२ टक्क्यांवर हर्णैत पोचलातच कसे?

घाटउतार
रास्त प्रश्न. माणगावात पुढे तीन गाड्या होत्या, प्रत्येकी पाऊण तास, मागच्या सीटवर दोन भुकेली पोरं. ताम्हिणी उतरताना रिजनने (उतारावर गाडी स्वतःच वीज बनवून बॅटरीत भरते, त्याने) चार-पाच टक्के परत मिळाले होते, त्याने अंगात जरा मस्ती आली होती हेही कबूल. म्हटलं, हॉटेलात चार्जर आहेच की.

तिखट_मीठ
'हॉटेलात चार्जर आहेच की' हे वाक्य आता आमच्या घरात शिवी म्हणून वापरतात.

मागच्या डिसेंबरात महाबळेश्वरला असंच. फोनवर 'आहे' म्हणाले. जाऊन बघितलं तर आहे म्हणजे किचनच्या मागच्या भिंतीत एक पंधरा अँपिअरचं सॉकेट, त्याला ओला दळायचा ग्राइंडर लावलेला. ग्राइंडर काढून गाडी लावू दिली हा त्यांचा चांगुलपणा. पण सकाळी सहाला आचारी दारात हजर, "मॅडम, इडलीचं पीठ."

आता फोनवर मी तीन गोष्टी विचारते. सात किलोवॉटचा डबा आहे की साधं सॉकेट? गाडी त्याच्यापासून किती लांब उभी राहते? त्या रात्री अजून किती इलेक्ट्रिक गाड्या आहेत? तिसऱ्याला ते अडखळतात, पण निदान त्यांच्या डोक्यात विषय जातो.

वाडीवरचा
आता दुसऱ्या बाजूने ऐका. गुहागरकडे आमच्या चार खोल्या आहेत, आई स्वयंपाक करते, बाकी सगळं मी. चार्जर नाही, सॉकेट आहे, आणि जाहिरातीत मी ते लिहीतही नाही. तरी महिन्याला पाच-सहा गाड्या येतातच.

आमचा मंजूर लोड ५ किलोवॉट. तुमची गाडी साध्या सॉकेटवर ३ किलोवॉट खेचते, तेही रात्रभर न थांबता. दोन एसी चालू, आणि पहाटे सहाला गीझर लागला की एमसीबी उडते. मग अंघोळीला गेलेला पाहुणा अंगाला साबण लावून ओरडतो, आणि ज्याच्या गाडीमुळे उडाली तो सात वाजता विचारतो, "८८ वरच का थांबली?"

पैशाचं सांगतो. मागच्या महिन्यात एका पाहुण्याने एका रात्रीत ३४ युनिटं नेली. मला युनिट १४ रुपयांच्या घरात पडतं, म्हणजे पावणेपाचशे रुपये. खोलीचं भाडं २२००, त्यात नाश्ता. मी वीस रुपयांनी पैसे सांगितले तर म्हणाला, "वीज विकायचं लायसन आहे का तुमच्याकडे?" आता बोला!

निवांत_नाना
त्याला सांगायचं, लायसन लागत नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, त्यामुळे वीज कायद्याखालचा परवाना नको. प्रिंट काढून सॉकेटच्या वर चिकटवा. आणि सब-मीटर बसवा. आकडा दिसला की पाहुणा हुज्जत घालत नाही, अंदाजाने सांगितलं की घालतो.

शंकासुर
पण तत्त्वाचं काय? दीड टनाचा एसी रात्रभर चालवला तर आठ-दहा युनिटं सहज जातात, त्याचे वेगळे पैसे कुणी मागत नाही. बादल्या भरभरून गरम पाणी ओततात, तेही चालतं. एसी भाड्यात, गीझर भाड्यात, मग गाडीच काय सावत्र?

वाडीवरचा
एसी खोलीत असतो हो. एसीची खोली मी ७०० रुपयांनी जास्त देतो, म्हणजे पैसे घेतोच. पेट्रोलची गाडी घेऊन येणारा कधी म्हणालाय का, सकाळी टाकी भरून द्या, भाड्यातच धरा?

शंकासुर
टाकीचा मुद्दा मान्य. पण मग जिथे भाड्यात फुकट आहे असं हॉटेलच सांगतं तिथे शंभर टक्के करण्यात गैर काय? माझ्या गाडीची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे, कंपनीच सांगते अधूनमधून शंभरला न्या.

घाटउतार
न्या ना. घरी न्या. मंगळवारी, पार्किंगमध्ये, निवांत. शनिवारी रात्री तीन माणसं रांगेत असताना बॅटरीच्या तब्येतीचा सोहळा कशाला? शेवटचे एक-दोन टक्के तर बॅटरी आतले सेल एकसारखे करत बसते आणि आम्ही खाली डास मारत बसतो.

न्यूजर्सीची_मावशी
इकडचं थोडं सांगते. इथे बऱ्याच हॉटेलांत दोन-चार चार्जर असतात, काही ठिकाणी पाहुण्यांना फुकट. टेस्लाचे रस्त्यावरचे सुपरचार्जर आहेत, तिथे गाडी भरूनही उभी ठेवली आणि जागा पूर्ण भरलेली असेल तर मिनिटाला एक डॉलरपर्यंत दंड लागतो. लोक जेवण टाकून धावत येतात. हॉटेलच्या चार्जरला बहुतेक असा दंड नसतो, तिथे सगळा भार माणसाच्या लाजेवर.

पण भरली की काढा हे दर वेळी बरोबर नाही. जानेवारीत बाहेर उणे दहा असताना आम्ही मुद्दाम रात्रभर लावून ठेवतो. सकाळी निघायच्या आधी बॅटरी आणि आतली हवा गरम करायला वीज भिंतीतून घेतली की रेंज वाचते.

तिखट_मीठ
मावशी, हर्णैला मे महिन्यात उणे दहा कुठून आणायचे? (हलके घ्या.)

वायरमन_बंडू
सगळे रांग आणि पैशांवर बोलताय. माझा धंदा वायरिंगचा, मला दुसरंच दिसतं.

सुट्ट्या संपल्या की लॉजवाले बोलावतात, सॉकेट जळालं म्हणून. दर वेळी तेच. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन खाली सोडलेली, मिक्सरसाठी घेतलेली, वायर बारीक. उरलेली वायर रिळावर तशीच गुंडाळलेली. तीन किलोवॉट तासन् तास त्या रिळातून गेले की आतली उष्णता बाहेर जायला जागा नाही, प्लास्टिकचा एकच गोळा होतो. परवा काढलेल्या सॉकेटमध्ये एक पिन इतकी काळी होती की कोळसा वाटावा, आणि ते सॉकेट लाकडी पॅनेलिंगमध्ये बसवलेलं. वर पडदा.

त्याहून वाईट म्हणजे 'अर्थिंगचा जुगाड'. गाडीसोबत येणारा चार्जर अर्थिंग नसेल तर लाल दिवा दाखवून अडून बसतो. तो बिघडलेला नाही, तुमचा जीव वाचवतोय. पण लोक खिशात एक छोटा टॉप (प्लग) घेऊन फिरतात, आत न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले. तो घातला की चार्जर गप, चार्जिंग सुरू. आता त्या जुन्या लॉजमध्ये कुणी न्यूट्रल आणि फेज उलटे जोडले असतील किंवा न्यूट्रल मध्येच तुटला असेल तर गाडीच्या पत्र्यात करंट. पावसात, चिखलात उभं राहून दार उघडणारं पोर तुमचं असेल किंवा दुसऱ्याचं. रांग मोडणारा मला चालेल, हा टॉप वापरणारा नाही.

शंकासुर
बंडूशेठ, या एका प्रतिसादाला माझं काही म्हणणं नाही. असा टॉप माझ्याकडे आहे. होता म्हणतो.

निवांत_नाना
वाडीवरचे, लाईट गेल्यावर काय करता?

वाडीवरचा
जनरेटर आहे, पंखे-दिव्यांपुरता लावतो. एकाने गाडीसाठी चालू ठेवायला सांगितलं होतं. लिटरभर डिझेलमधून तीनेक युनिटं निघतात. म्हटलं साहेब, डिझेलवरच चालवायची होती तर डिझेलचीच घ्यायची होतीत. रागावले. रिव्ह्यूत दोन तारे दिले, वर 'पर्यावरणाबद्दल अनास्था'.

घाटउतार
हे फ्रेम करून लावा!

मूळ मुद्द्यावर येतो. शंकासुरांचं किल्ली रिसेप्शनला ठेवण्याचं पटलं. पण किल्ली देणारे किती निघतील? मी स्वतः देईन का, खात्री नाही. त्यापेक्षा डॅशबोर्डवर चिठ्ठी : 'अकराला भरेल, त्यानंतर या नंबरवर फोन करा, कितीही वाजता.' दार वाजवायची वेळच येऊ नये.

तिखट_मीठ
नंबर? हॉटेलच्या अंगणात, काचेवर, रात्रभर? मी एकटी किंवा मैत्रिणींबरोबर फिरते, मी नाही ठेवणार. खोली क्रमांक तर त्याहून नाही. चिठ्ठीवर फक्त वेळ लिहीन, निरोप रिसेप्शनमार्फत यावा.

घाटउतार
बरोबर, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण रिसेप्शनवरून फोन केला होताच हो आम्ही. उचलला नाही, तिथेच तर सगळं अडलं.

तिखट_मीठ
मग अकराचा गजर लावायचा आणि आपणहून खाली यायचं. त्याने तो लावला नाही ही त्याची चूक. तुम्ही दार वाजवलंत ही तुमची. दोन्ही असू शकतात की.

शंकासुर
मी अजूनही टॉवेलवाल्याच्याच बाजूने. फक्त साखळी काढून बोलायला हवं होतं त्याने, आणि बटण दाबायला काय मेहनत पडते. म्हणजे अर्धा त्याच्या बाजूने.

निवांत_नाना
शंकासुर अर्धे हलले, धाग्याचं सार्थक झालं.

घाटउतार
वाडीवरचे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पुढच्या महिन्यात पहिल्या शनिवारी एक खोली, दोन मोठे, दोन लहान, आणि एक गाडी. वीस रुपयांनी मंजूर.

वाडीवरचा
व्यनि बघितला. खोली आहे. पण त्या दिवशी दोन गाड्या तुमच्या आधी सांगून ठेवल्यात. एक संध्याकाळी पाच ते नऊ, दुसरी नऊ ते एक. तुमचा नंबर एक ते सहा, गीझर लागायच्या आत. पंधरा युनिटं मिळतील, चिपळूण आरामात गाठाल, पुढचं तिथे भरा. रात्री एकला प्लग बदलायला मी उठणार नाही. तुम्ही उठाल ना?