मदत हवी आहे: कुत्र्याला न मारता, न घाबरवता शिकवणारा ट्रेनर कसा ओळखावा?

नमस्कार मंडळी. आमची कुत्री चिमी दीड वर्षाची आहे, दत्तक घेतलेली. फिरायला नेलं की दुसरं कुत्रं दिसताच पट्टा ओढून जोरात भुंकते. म्हणून एक ट्रेनर बोलावला. त्याने पहिल्याच दिवशी गळ्यात चोक चेन (ओढली की आवळणारी साखळी) घातली आणि ती भुंकली की हिसका द्यायला लागला. ‘मालक कोण ते तिला कळलं पाहिजे,’ म्हणाला. दुसऱ्या वेळी त्याचा आवाज ऐकूनच ती शेपूट पायांत घालून पलंगाखाली गेली आणि तिथेच तिला शू झाली. मी त्याला लगेच थांबवलं, पण आधीच थांबवायला हवं होतं. अजून वाईट वाटतं.

त्यानंतर थोडं वाचलं. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनाच्या पशुवैद्यक संघटनेने २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की शिकवताना बक्षिसावर आधारलेलीच पद्धत वापरावी. हिसके, शॉक कॉलर (विजेचा झटका देणारा गळपट्टा) नकोत. गुरगुरण्यावर शिक्षा केली तर कुत्रं इशारा न देता थेट चावू शकतं, हेही तेव्हाच कळलं.

आता नवा ट्रेनर शोधतेय. ‘कुत्रं चुकलं तर तुम्ही नेमकं काय करता?’ हे तर विचारणारच. आणखी काय विचारावं? आधी एखादा वर्ग नुसता बघू द्या म्हटलं तर चालतं का? आणि घाबरलेल्या कुत्र्याचा विश्वास परत मिळवताना तुम्ही सुरुवात कशी केलीत? सध्या मी लांबूनच दुसरं कुत्रं दाखवते आणि ती शांत असतानाच खाऊ देते. बरोबर करतेय ना?