कूलरसमोर बसून बर्फाची चर्चा (नागपूर, आमच्या सोसायटीचा ग्रुप)

४०२ पिंकीची आई: आम्ही तिघं ३० मेला निघून राहिलो. मनालीहून हम्प्टा पासचा ट्रेक, म्हणजे हिमालयातली उंच खिंड. ४ जूनला पास ओलांडायचा. मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायचे रबरी पट्ट्याचे लोखंडी दात) आणि गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पायाला बांधायचं कव्हर) न्यायचे का? पिंकीच्या बाबांचं म्हणणं, जूनमध्ये कुठला बर्फ, उगाच ओझं.

१०१ इंजिनिअर काका: सोपं गणित आहे. हजार मीटर चढलं की साडेसहा अंश उतरतात. नागपूर ३१० मीटरवर, पास साधारण ४,२७० वर. म्हणजे २६ अंश कमी. आज इथं ४५ आहे, तिथं १९ निघतात. १९ मध्ये बर्फ कायचा?

२०५ काकू: १९ म्हणजे तं माठातलं पाणी 😄

३०३ ट्रेकवाला दादा: काका, गुणाकार बरोबर, सुरुवात चुकली. नवतपातल्या दुपारचा आकडा घेऊन हिमालयाचा हिशेब नाही लागत. आणि बर्फ आजच्या उन्हावर नसतो, हिवाळ्यात किती पडला त्यावर असतो. तो थर वितळता वितळता जुलै उजाडतो. मी जूनच्या पहिल्या आठवड्यातच गेलो होतो. पासच्या अलीकडचा कॅम्प आहे ना, बालू का घेरा, त्याच्या वर बहुतेक पांढरंच होतं.

४०२ पिंकीची आई: मंग स्पाइक्स पक्के?

३०३ ट्रेकवाला दादा: पक्के, पण कोणत्या वेळेला काय ते सांगतो. पहाटे बर्फ काचेसारखा कडक असतो. तिरक्या उतारावर पाय घसरला की खाली कुठं थांबाल, ते सांगता येत नाही. तिथं स्पाइक्स. दुपारी तोच बर्फ भुसभुशीत होतो, मंग दात रुततात पण धरत नाहीत. तिथं गेटर्स. मी एकच्या सुमारास उतरत होतो, एक पाय सरळ मांडीपर्यंत आत गेला. ओढला तं पाय वर आला, बूट आतच. हातानं बर्फ उकरून बूट काढला, आत अर्धा किलो बर्फ. कॉटनचे मोजे होते. पासपलीकडच्या शिया गोरू कॅम्पला पोचेपर्यंत पायाची बोटं आहेत की नाहीत, तेच कळत नव्हतं. म्हणून पहाटे लवकर निघायचं. नाल्यावरचा बर्फाचा पूलही सकाळीच ओलांडायचा, दुपारी तो खालून पोखरलेला असतो.

१०१ इंजिनिअर काका: बरं, हे पटलं. कॉटन मात्र कायले वाईट? आम्ही आयुष्यभर कॉटनच घालून राहिलो.

३०३ ट्रेकवाला दादा: नागपुरात उत्तम, काका. घाम शोषते, वाऱ्यानं गार वाटते. तिथं तेच नडते, ओलं झालं की वाळत नाही.

४०२ पिंकीचे बाबा: आइस ॲक्सही (बर्फातली कुऱ्हाड) घ्यावी काय? फोटोत भारी दिसते.

३०३ ट्रेकवाला दादा: भाऊ, घसरल्यावर ती कशी रोवायची हे शिकला नसाल, तं स्वतःच्याच पोटात जायची. ती गाइडकडं राहू द्या.

२०५ काकू: डोळ्यांचं सांगा ना कोणी. माझा भाचा चष्मा काढून फिरला, रात्रभर डोळ्यांत रेती गेल्यासारखं झालं त्याले.

३०३ ट्रेकवाला दादा: हो काकू, महत्त्वाचं. ताजा बर्फ अतिनील किरणं ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. बाजूनं झाकलेला गॉगल पाहिजे, फॅशनवाला नाही. सनस्क्रीन नाकाच्या खालून आणि हनुवटीखालीही लावा. हसू नका, ऊन खालूनही येते. माझ्या नाकपुड्यांची कातडी निघाली होती.

४०२ पिंकीची आई: स्पाइक्स विकत घेऊ की मनालीत भाड्यानं मिळतील?

३०३ ट्रेकवाला दादा: भाड्यानं मिळतात, पण रबर ताणलेलं नाही ना ते पाहून घ्या. ढिले असले तं चालताना निघून येतात. नाही तं माझे घेऊन जा. मोठ्या मापाचे आहेत, आधी घालून पाहा. पिंकीला बसणार नाहीत, तिचे तिथंच घ्या. आणि विमानानं जाणार असाल तं चेक-इन बॅगेत टाका, हातात नको.

४०२ पिंकीची आई: चालते, संध्याकाळी येतो.

*रात्री ९:४०*

सेक्रेटरी काका: लिफ्टसमोरच्या नवीन टाइल्सवर बारीक बारीक चरे कोणी पाडले? बारा बारा ठिपक्यांच्या जोड्या आहेत, थेट ४०२ च्या दारापर्यंत!

४०२ पिंकीची आई: काका, माफ करा 🙏 दादा, थोडे ढिलेच आहेत.