ओढा बुजवतायत, तक्रार कुठं करायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही सांगलीत, घरामागं आधी ऊस होता आता तिथं प्लॉटिंग सुरू झालंय आणि गेल्या आठवड्यापासून मुरमाचे डंपर येऊन कडंचा ओढाच बुजवायला लागलेत. बोरं, बाभळी एका दिवसात जेसीबीनं साफ. काळी जमीन, पाणी मुरायला आधीच वेळ लागतो, त्यात वर काँक्रीट, म्हणजे पावसाचं पाणी सरळ आमच्या घरात. २०१९ ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली, धोक्याची पातळी ४५, तेव्हा माळ्यावर बसून काढलेले दिवस आई अजून विसरली नाही.

प्लॉटवाला म्हणतो जागा निळ्या रेषेच्या बाहेर आहे. असेलही, पण ती रेषा २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांची, मग मधल्या पट्ट्याचं काय? आणि ओढा तर नकाशात असणारच की.

जुना गाव नकाशा भूमी अभिलेखमधनं काढायला अर्ज कसा करायचा? तक्रार तहसीलदारांकडं का महापालिकेत? एका ऑफिसातनं दुसरीकडं पाठवतायत नुसतं. कुणी असलं काम थांबवलं असेल तर प्लीज सांगा, पाऊस तोंडावर आलाय.