चुकीबद्दल बोलायचं, तर नाव लपवून काय उपयोग?

रात्रपाळी:
'बिनधास्त कळवा, नाव गुप्त राहील' असं प्रत्येक हॉस्पिटल सांगतं. माझ्या मते ही गुप्तता कागदावरचीच. चूक कळवायच्या फॉर्मवर तारीख, पाळी, खाट क्रमांक भरावाच लागतो. रात्री वॉर्डात दोन सिस्टर आणि एक निवासी डॉक्टर. ड्यूटी चार्ट शेजारी ठेवला की कोणी लिहिलं ते दोन मिनिटांत कळतं. पुढे कोणी ओरडत नाही. सलग नाइट लागतात, रजा नामंजूर होते, गोपनीय अहवालात 'सहकार्याचा अभाव' येतो. यातल्या प्रत्येकाला कारण तयार असतं, म्हणून दाद मागायलाही जागा उरत नाही.

कोरडा_कापूस:
अजिबात पटलं नाही. नाव लिहायला लावलंत तर येतात ते चार फॉर्मही बंद होतील. फॉर्म इन्चार्जच्या टेबलावर जातो, खरी खोट तिथे आहे. तो थेट गुणवत्ता विभागाकडे जावा आणि तिथे पाळी-खाट काढून सगळ्या वॉर्डांचे एकत्र मांडावेत. पोटॅशियम क्लोराइड घ्या, सलाइनमधून पातळ करून द्यायचं औषध, 10 मिलीच्या अँप्यूलमध्ये (छोट्या बंद कुपीत) येतं. पातळ न करता शिरेत ढकललं तर हृदय थांबतं. आणि ही अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या, म्हणजे इंजेक्शनं पातळ करायच्या पाण्याच्या ट्रेमध्ये! हे कळवायला नाव कशाला? ट्रेचा फोटो पुरे.

रात्रपाळी:
ट्रेला राग येत नाही हो. 'सर, ऑपरेशनची बाजू चुकतेय' हे कुठल्या फॉर्मवर लिहू?

भूल_आणि_चूक:
ओटीत (ऑपरेशन थिएटरात) फॉर्म निरुपयोगीच, तिथे हातात मिनिटं असतात. 2005 साली इंग्लंडमध्ये नाकाच्या साध्या ऑपरेशनसाठी भूल दिली आणि श्वासनलिकेत नळी जाईना. नर्सने ट्रॅकिओस्टॉमीचा, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करायचा संच आणला, आणल्याचं सांगितलंही. वरिष्ठ डॉक्टर नळी घालण्यातच अडकले होते. रुग्ण दगावली. म्हणजे तिथे बोललं गेलं होतं, ऐकलं गेलं नाही. म्हणून वाक्यं आधीच ठरलेली हवीत: 'मला काळजी वाटतेय', मग 'हे मला ठीक वाटत नाही', मग 'सुरक्षेचा प्रश्न आहे, थांबा'. दोनदा सांगून दखल नाही, तर वरच्याला फोन. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2008 च्या शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी यादीत छेद देण्याआधी सगळ्यांनी आपापलं नाव सांगायचं असतं ते याचसाठी, एकदा तोंड उघडलं की पुढे जीभ अडत नाही. प्रत्यक्षात सर्जन हात धूत असतानाच कोणीतरी यादीवर बरोबरच्या खुणा करून मोकळं होतं.

जुना_खवचट:
आणि सूडाने लिहिलेले फॉर्म? 'डॉक्टर उद्धट' ही घटना नव्हे. काय दिसलं, किती वाजता, एवढंच लिहा.

कोरडा_कापूस:
ते मान्य. पण अमेरिकेत नॅशव्हिलला 2017 मध्ये नर्सने व्हर्सेडऐवजी (गुंगीचं औषध) व्हेक्युरोनियम (स्नायू लुळे करणारं औषध) दिलं, चूक स्वतःच कबूल केली, तरी 2022 मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं. हे वाचलेली सिस्टर नावानिशी लिहील?

रात्रपाळी:
बरं, फोटोपुरतं मान्य. तो ज्या फोनवरून गेला, त्याचा नंबर कोण बघतं ते आधी सांगा.