कुंदूझचं रुग्णालय: 'हेतू नव्हता' म्हटलं की सरकार सुटतं का?

आडवाट:
३ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे अफगाणिस्तानातल्या कुंदूझ शहरात अमेरिकेच्या एसी-१३० या तोफा बसवलेल्या विमानाने 'एमएसएफ' (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या वैद्यकीय संघटनेच्या रुग्णालयावर २११ गोळे डागले. ४२ माणसं मारली गेली: २४ रुग्ण, १४ कर्मचारी आणि रुग्णांच्या सोबतीला थांबलेले ४ जण. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकी लष्कराचा चौकशी अहवाल आला. काही जणांनी युद्धाचे नियम मोडले, हे त्यात मान्य केलं आहे. पण समोर रुग्णालय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून हा युद्धगुन्हा नाही, असा निष्कर्ष काढला. १६ जणांवर कारवाई झाली ती खात्यांतर्गत. खटला एकावरही नाही.

नियम मोडले तरी गुन्हा नाही, हे कसं? आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवला तर दोष कोणाच्या पदरात घालायचा, गोळा डागणाऱ्याच्या की त्याच्या वरच्यांच्या?

दीपमाळ:
हेतूपासून सुरुवात केली तर काहीच हाती लागत नाही. काय चुकलं ते क्रमाने बघा, दोष कुठे आहे ते आपोआप दिसतं.

२८ सप्टेंबरला तालिबानने शहर घेतलं. दुसऱ्याच दिवशी एमएसएफने रुग्णालयाचे अक्षांश-रेखांश अमेरिकी आणि अफगाण लष्कराला पुन्हा कळवले. 'इथे हल्ला करायचा नाही' अशा ठिकाणांच्या यादीत ते होतेच. त्या रात्री विमान ठरल्या वेळेच्या ६९ मिनिटं आधी घाईने उडालं. नेहमीची पूर्वसूचना बैठक झाली नाही आणि ती यादी वैमानिक दलाच्या हाती आली नाही. उड्डाणात संपर्कयंत्रणा बिघडली, त्यामुळे खालचं चित्रण मुख्यालयाला दिसेना. आपल्यावर क्षेपणास्त्र सुटलंय असं वाटून विमान नेहमीच्या घिरटीपासून लांब गेलं आणि नेमबाजीच्या यंत्रणेची अचूकता घटली.

हल्ला करायचा होता तो अफगाण गुप्तचर खात्याच्या, तालिबानने बळकावलेल्या इमारतीवर. ती रुग्णालयापासून सुमारे ४०० मीटरवर. दिलेले अक्षांश-रेखांशाचे आकडे यंत्रात भरले तर कॅमेरा मोकळ्या मैदानावर गेला. तिथेच थांबायला हवं होतं. पण दलाने तोंडी वर्णनाशी जुळणारी जवळची मोठी इमारत धरली, ती रुग्णालयाची निघाली. पुढे विमान जवळ आल्यावर यंत्रणेने खरी इमारत दाखवली, तरी दल पहिल्याच इमारतीला चिकटून राहिलं.

माझ्या मते सगळ्यात गंभीर मिनिट यानंतरचं आहे. गोळीबाराच्या एक मिनिट आधी दलाने बग्राम या अमेरिकी हवाई तळावरच्या मुख्यालयाला लक्ष्याचे आकडे कळवले. ते आकडे रुग्णालयाचे होते आणि यादी मुख्यालयात होती. दोन्ही कोणी ताडून पाहिले नाहीत. २:०८ ला मारा सुरू झाला. २:२० ला एमएसएफने फोन करून सांगितलं की रुग्णालयावर हल्ला होतोय. मुख्यालयाला चूक उमगायला २:३७ झाले आणि तोवर गोळीबार संपलेला होता. हा सगळा तपशील अमेरिकी लष्कराच्याच चौकशीतला आहे.

तोफ चालवणाऱ्याला काय दिसत होतं, हे मी दुय्यम मानतो. फोन आल्यावर काही मिनिटांत मारा थांबवता येईल अशी सोय मुख्यालयात नसेल, तर त्या मुख्यालयाने विमान वर पाठवायचंच नाही. हा दोष वरचा आहे.

कलमवाचक:
कायद्याच्या भागावर लिहितो.

लक्ष्य खरोखर लष्करी आहे का, याची शक्य तेवढी सगळी खातरजमा हल्ल्याआधी करायची, हे बंधन १९७७ च्या पहिल्या जिनिव्हा पूरक कराराच्या कलम ५७ मध्ये आहे. रूढ कायदा (करारावर सही नसली तरी सगळ्या देशांना बांधणारा) म्हणून ते अंतर्गत संघर्षालाही लागू धरतात. कुंदूझमध्ये मोडलं ते हे. त्यासाठी हेतू लागत नाही, हयगय पुरते आणि जबाबदारी देशाची असते.

युद्धगुन्हा ही एका व्यक्तीची फौजदारी जबाबदारी. रोम संविधीत (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या मूळ करारात) रुग्णालयावर 'हेतुपुरस्सर' हल्ला असा शब्द आहे आणि कलम ३० नुसार हेतू व जाणीव दोन्ही सिद्ध व्हावी लागतात. त्यामुळे 'मोडलं, पण गुन्हा नाही' हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. मात्र ही एकच व्याख्या नाही. युगोस्लाव्हियासाठीच्या न्यायाधिकरणाने गॅलिच या सर्ब सेनानीवरच्या २००३ च्या निकालात, परिणामांची पर्वा न करता केलेला हल्लाही 'जाणूनबुजून' या शब्दात धरला. अमेरिकी अहवालाने त्यातली अरुंद व्याख्या स्वीकारली.

रुग्णालयात तालिबानी होते, असा युक्तिवाद तेव्हा काही अफगाण अधिकाऱ्यांनी केला. जखमी लढवय्यावर उपचार केल्याने रुग्णालयाचं संरक्षण जात नाही. तिथून शत्रूला अपाय करणारी कृती होत असेल तरच जातं आणि तेही आधी इशारा व पुरेसा वेळ देऊन. इथे इशारा दिलाच नव्हता.

सीमोल्लंघन:
दुसरी बाजू मांडतो. संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीनुसार २०१५ मध्ये अफगाणिस्तानात ३,५४५ नागरिक ठार आणि ७,४५७ जखमी झाले. त्यातल्या ६२ टक्क्यांना सरकारविरोधी गट जबाबदार होते. त्या गटांनी स्वतःच्या चुकांचा मिनिटामिनिटाचा अहवाल कधी काढला? शिवाय प्रत्येक चुकीवर खटला भरला तर पुढच्या वेळी कोणी खरं सांगणार नाही. विमान अपघाताच्या चौकशीत म्हणूनच शिक्षेपेक्षा कारण शोधण्यावर भर असतो.

दीपमाळ:
आकडे बरोबर आहेत आणि तालिबानचा दोष त्याने तसूभरही कमी होत नाही. पण अपघाताचं उदाहरण इथे उलट बाजूने लागू पडतं. अपघाताची चौकशी विमान कंपनी स्वतः करत नाही. इथे ज्यांनी गोळे डागले त्यांनीच तपास केला, कायदा लावला आणि निकालही दिला. एमएसएफने ७ ऑक्टोबरलाच आंतरराष्ट्रीय मानवतावादी सत्यशोधन आयोगाकडून चौकशीची मागणी केली होती. तो आयोग १९९१ पासून आहे, पण संबंधित देशाची संमती लागते. अमेरिका आणि अफगाणिस्तानने ती दिली नाही. खरं बाहेर यावं म्हणून शिक्षा टाळत असाल, तर निदान तपास तरी दुसऱ्याच्या हाती द्या.

रेघोट्या:
सरकारचं वागणं पाहायचं तर पहिल्या तीन-चार दिवसांतली निवेदनं एकाखाली एक लावून वाचावीत. कुंदूझबाबत अमेरिकी लष्कराने ३ ऑक्टोबरला 'जवळच्या वैद्यकीय केंद्राची आनुषंगिक हानी झाली असावी' असं म्हटलं. ५ तारखेला, हल्ला अफगाण फौजेने मागितला होता. ६ तारखेला सिनेटच्या समितीपुढे, निर्णय अमेरिकी अधिकारसाखळीतलाच होता. ७ तारखेला ओबामांनी माफी मागितली. चार दिवसांत माफी आली हे नमूद करायला हवं, पण पहिली दोन निवेदनं जबाबदारी टाळणारी किंवा दुसरीकडे सरकवणारी होती.

नेदरलँड्सचं उदाहरण याहून वाईट आहे. जून २०१५ मध्ये डच एफ-१६ विमानांनी इराकमधल्या हविजा इथल्या आयसिसच्या बॉम्ब कारखान्यावर हल्ला केला. आतल्या स्फोटकांचा साठा उडाला, वस्ती उद्ध्वस्त झाली, किमान ७० माणसं गेली. त्याच महिन्यात संरक्षणमंत्र्यांनी संसदेला कळवलं की माहितीप्रमाणे नागरी हानी नाही. हल्ला डच विमानांचा होता हे बाहेर आलं ऑक्टोबर २०१९ मध्ये, तेही पत्रकारांमुळे. चार वर्षं आप्तांना तक्रार करायला देशसुद्धा माहीत नव्हता. मला हे मूळ चुकीइतकंच अनैतिक वाटतं.

आडवाट:
चित्र बरंच स्पष्ट झालं. कुंदूझच्या कुटुंबांना मृतामागे ६,००० आणि जखमीमागे ३,००० डॉलर दिले, ती नुकसानभरपाई होती का?

कलमवाचक:
नाही. ती 'सांत्वन रक्कम' असते, कायदेशीर जबाबदारी मान्य न करता दिलेली. भरपाईत उत्पन्न, अवलंबून असलेली माणसं, अपंगत्व यांचा हिशेब होतो आणि दावा करणारा हक्काने मागतो. इथे रक्कम देणाऱ्याने ठरवली. हविजात तर डच सरकारने व्यक्तींना न देता वस्तीच्या पुनर्बांधणीच्या प्रकल्पांना पैसे दिले. ज्याचं मूल गेलं त्याच्या हाती त्यातलं काही आलं नाही.

वर आलेला पहिला पूरक करार अमेरिकेप्रमाणे भारतानेही स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे, तो १९४९ च्या चार करारांपुरता.